खिशातला जुना संगणक

शाळेच्या संगणक कक्षात बाहेरचं काहीही इन्स्टॉल करायचं नाही, हा नियम मला पहिल्यापासून पटलेला आहे. एकेका यंत्रावर दिवसभर वेगवेगळे वर्ग बसतात. प्रत्येकाने आपापलं काहीतरी टाकायला सुरुवात केली, तर सहामाहीच्या आत कक्ष बंद पडेल. त्यामुळे ॲडमिनचा पासवर्ड देखभालीला येणाऱ्या माणसाकडे असतो आणि आम्ही शिक्षक त्या यंत्रांवर पाहुणेच असतो. माझं पेन ड्राइव्हचं सगळं काम या नियमातून सुरू झालं. यंत्रात मागे काही ठेवायचं नाही, यंत्राकडून फारसं काही मागायचं नाही, आणि तरी पाचवी-सहावीच्या मुलांचा हात पहिल्याच आठवड्यात कीबोर्डवर बसवायचा. मग लागेल ते सगळं खिशातूनच न्यायला हवं.

मी ज्यांना शिकवते त्या बहुतेक मुलांच्या घरी फोन आहे, संगणक नाही. पहिल्या तासाला ती मॉनिटरला बोट लावून बघतात आणि काही हललं नाही की माझ्याकडे बघतात. कंट्रोल, ऑल्ट, एस्केप ही बटणं त्यांनी कधी दाबलेलीच नसतात. फोनवर ती असतात कुठे? टायपिंगचा सराव दिला की थोड्या वेळात जांभया सुरू होतात. म्हणून मी ‘कमांडर कीन’ लावून देते. १९९० च्या डिसेंबरात आलेला हा खेळ आहे. आठ वर्षांचा एक हुशार मुलगा डोक्यावर हेल्मेट चढवून मंगळावर गेलाय, तिथे त्याच्या यानाचे भाग पळवलेत आणि ते शोधून त्याला घरी पोचायचंय. कंट्रोलने उडी, ऑल्टने पोगो स्टिक, दोन्ही एकदम दाबली की गोळी. बाण दाबून तो मुलगा चालायला लागला, की मुलांची बोटं आपोआप खाली कीबोर्डकडे वळतात. तास संपेपर्यंत कंट्रोल कुठे आहे हे त्यांना न बघता कळायला लागतं. हे मी इतक्या तुकड्यांत पाहिलंय, की याहून चांगला पहिला धडा मला माहीत नाही.

मी स्वतः संगणक शिकले तो १९९० च्या दशकात, तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी क्लासमध्ये. चपला बाहेर काढून आत जायचं, कारण आत एसी होता आणि धुळीची सरांना फार धास्ती होती. अभ्यासक्रमात वर्डस्टार, लोटस, फॉक्सप्रो. बॅच संपून सर जेवायला गेले, की कुणाच्या तरी वहीतून फ्लॉपी निघायची. डेव्ह, डिगर, पॅराट्रूपर, प्रिन्स. तो काळ पाहिलेल्या कुणालाही, मग तो साताऱ्याचा असो की नांदेडचा, ही चार नावं सांगा आणि त्याचा चेहरा बघा. एका यंत्राभोवती चौघं-पाच जण. एकाचा हात बाणांवर, दुसऱ्याचा स्पेसबारवर, आणि मागे उभे असलेले ‘आता उडी, आता उडी’ म्हणून ओरडणारे.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ने मला जे शिकवलं ते फॉक्सप्रोच्या जाड पुस्तकात नव्हतं. काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स’ टाइप केलं की खेळ सुरू व्हायचा. पण आमच्याकडच्या आवृत्तीत ‘प्रिन्स’च्या पुढे एक जागा सोडून ‘मेगाहिट’ टाइप केलं, की शिफ्ट आणि एल दाबून थेट पुढच्या पातळीवर जाता यायचं. हे कुणाकडून तरी कानावर आलेलं, कागदाच्या कपट्यावर लिहून घेतलेलं. प्रोग्रामच्या नावापुढे एक शब्द जोडला की तोच प्रोग्राम वेगळा वागतो, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. पुढे नोकरीत कमांड लाइनवर जी काही कामं केली, त्यांची सुरुवात तिथे आहे.

आता हे खेळ आजच्या यंत्रावर का चालत नाहीत, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जुन्या फ्लॉपीवरची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि विंडोज ११ वर तिच्यावर डबल क्लिक केलं, तर ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ अशा अर्थाचा निरोप येतो. फाइल धडधाकट असते. तिच्यातला एक बिटही बिघडलेला नसतो. पण ती १९७८ च्या इंटेल ८०८६ या चिपच्या सोळा-बिटी भाषेत लिहिलेली आहे. विंडोजच्या ३२-बिटी आवृत्त्यांमध्ये अशा जुन्या प्रोग्रामांसाठी एक आभासी कप्पा ठेवलेला असायचा. ६४-बिटी विंडोजमध्ये तो कप्पा नाही. ६४-बिटी चालीत असताना प्रोसेसरलाही जुन्या ८०८६ चं सोंग घेता येत नाही, ती सोयच त्या चालीत काढून टाकलेली आहे. म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे आणि तिची भाषा समजणारं यंत्र तेवढं निघून गेलंय.

ते यंत्र परत आणणारा प्रोग्राम म्हणजे डॉसबॉक्स. नेदरलँड्सच्या दोघा प्रोग्रामरांनी सुरू केलेला, २००२ मध्ये पहिल्यांदा बाहेर आलेला, फुकट आणि मुक्त स्रोताचा. तो आजच्या संगणकाच्या आत एक जुना संगणक शब्दशः बनवतो. जुनी चिप एकेका सूचनेला काय करायची ते तो सॉफ्टवेअरमध्ये करतो. साउंड ब्लास्टर कार्ड, ॲडलिब कार्ड, पीसीच्या पोटातला टीं-टीं करणारा स्पीकर, सीजीए आणि व्हीजीए पडदे, असं सगळं तो वठवतो. आणि हे सगळं काही एमबींच्या एका फोल्डरमध्ये बसतं, इन्स्टॉल न करता चालतं. म्हणून मी म्हणते की माझ्या पेन ड्राइव्हवर खेळ आहेत हे अर्धंच सांगणं झालं. त्यावर संगणक आहे, आणि त्या संगणकात खेळ आहेत.

या कामाने मला जी एक गोष्ट पक्की शिकवली ती हीच. खेळ म्हणजे नुसती फाइल नव्हे. तो ज्या यंत्रावर, ज्या वेगाने, ज्या आकाराच्या पडद्यावर, सोबतच्या ज्या कागदांसकट खेळला गेला, ते सगळं मिळून तो खेळ. रोप दुसरीकडे लावायचं तर मुळांभोवतीची माती सोबत उचलावी लागते, तसं आहे हे. फाइल कॉपी करणं हे एका क्षणाचं काम. मातीचं काम मी अजून करते आहे.

वेगाचंच घ्या. ‘डिगर’ हा १९८३ चा खेळ, कॅनडातल्या विंडमिल सॉफ्टवेअरचा. जमीन उकरत जायचं, हिरे गोळा करायचे, सोन्याची पोती राक्षसांच्या डोक्यावर पाडायची. मागे ‘पॉपकॉर्न’ची धून वाजत असते. पहिल्या आयबीएम पीसीची चिप ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायची. त्या काळातल्या अनेक खेळांनी घड्याळ बघायची तसदीच घेतली नव्हती. चिप जितक्या वेगाने धावेल तितक्या वेगाने खेळ. यंत्र एकच होतं, तेव्हा वेगही एकच होता आणि कुणाचं अडत नव्हतं. पुढे २८६ आली, ३८६ आली, आणि हे खेळ हाताबाहेर पळायला लागले. आमच्या क्लासमधल्या यंत्रांना पुढच्या बाजूला ‘टर्बो’ लिहिलेलं बटण होतं. ते जोर वाढवण्यासाठी असावं असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याचा खरा उपयोग यंत्र हळू करण्यासाठी होता, म्हणजे जुने प्रोग्राम त्यांच्या वेगाने चालावेत.

डॉसबॉक्समध्ये त्या बटणाचं काम ‘सायकल्स’ नावाचा आकडा करतो. एका मिलिसेकंदात आतल्या यंत्राने किती सूचना पार पाडायच्या, तो हा आकडा. मुळात तो ३००० वर ठेवलेला असतो. पहिल्या पीसीच्या चालीसाठी तो ३०० च्या आसपास आणावा लागतो, ४८६ च्या काळातल्या खेळांसाठी २५,००० च्या पुढेमागे न्यावा लागतो. कंट्रोल आणि एफ ११ दाबलं की कमी होतो, कंट्रोल आणि एफ १२ ने वाढतो. लॅपटॉप असेल तर त्याच बटणांवर आवाज किंवा उजेड असतो, मग सोबत एफएन दाबून धरायचं.

प्रत्येक खेळाला त्याचा आकडा शोधून देणं हे माझ्या दृष्टीने या सगळ्या कामाचं काळीज आहे. कागदावर हिशेब करून तो आकडा येत नाही. खेळून बघावं लागतं, आणि आठवावं लागतं. डिगर वळताना किती अडखळायचा? पोतं पडण्याआधी किती वेळ हलायचं? त्या हलण्याच्या वेळातच खालून निसटायचं असायचं. आकडा थोडा जास्त झाला तर निसटायला वेळ उरत नाही, थोडा कमी झाला तर भीतीच राहत नाही. माझ्या हाताला तो वेग अजून आठवतो याचं मला दर वेळी नवल वाटतं. डोक्याला विचारलं तर सांगता येणार नाही, पण बरोबर आकडा आला की बोटांना कळतं. मुलांकडे ही आठवण नाही, म्हणून माझ्यावर जबाबदारी जास्त. त्यांना पहिल्यांदा भेटणारा डिगर हाच त्यांचा डिगर असणार.

मुलं हा आकडा बदलून बघतात आणि मी बदलू देते. सातवीतल्या एका मुलीने तो खाली नेत नेत इतका नेला, की खेळातला माणूस एकेक पाऊल थांबून टाकायला लागला. मग ती म्हणाली, “मॅडम, आता दिसतंय बघा, आधी पुसतंय आन् मग दुसरीकडं काढतंय.” चित्र हलत नसतं, ते एका जागी पुसून शेजारच्या जागी पुन्हा काढलं जातं, हे ॲनिमेशनचं मूळ तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आजच्या फोनवरच्या खेळात हे कुणाला दिसणार? तिथे यंत्र हळू करायचा आकडा कुणी हातात देत नाही.

बाकी डॉसच्या खेळांची एक थोर गोष्ट आहे. ते जन्मतःच फिरते आहेत. त्या काळात विंडोजची रजिस्ट्री नव्हती, ‘माय डॉक्युमेंट्स’ नव्हतं, प्रत्येक प्रोग्राम आपल्या फोल्डरात राहायचा आणि आपले गुण, आपल्या राखून ठेवलेल्या पातळ्या तिथेच लिहायचा. फोल्डर उचलला की सगळं घर उचललं. नंतरच्या खेळांनी सगळीकडे हातपाय पसरले. एक फाइल इथे, एक नोंद तिथे, आणि मूळ फोल्डर दुसऱ्या यंत्रावर नेला की काही म्हणजे काही चालेना. सांभाळावं लागतं ते डॉसबॉक्सला. तो आपली सेटिंगची फाइल यंत्रावरच्या वापरकर्त्याच्या खात्यात करून ठेवतो. त्याला सुरू करतानाच सांगावं लागतं की तुझी सेटिंगची फाइल ही, पेन ड्राइव्हवरची, दुसरीकडे बघू नकोस.

आणि पत्ता. पेन ड्राइव्हला एका यंत्रावर ई हे अक्षर मिळतं, दुसऱ्यावर एफ, आणि कार्ड रीडर असलेल्या यंत्रावर थेट आय किंवा जे. सेटिंगमध्ये ‘ई ड्राइव्हवरचा गेम्स फोल्डर’ असं लिहिलं, तर शेजारच्याच यंत्रावर सगळं कोसळतं. म्हणून पूर्ण पत्ता कुठेही लिहायचाच नाही. बॅच फाइल आधी स्वतः जिथे आहे त्या फोल्डरात जाते आणि मग ‘मी जिथे आहे तिथलाच खेळांचा फोल्डर तुझा सी ड्राइव्ह समज’ असं डॉसबॉक्सला सांगते. उबंटू असलेल्या कक्षात गेले तर खेळांचा फोल्डर तोच, फक्त तिथला डॉसबॉक्स निराळा.

पडद्याची गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते आणि मला ती फार खटकते. त्या काळातले बरेच खेळ आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके, अशा मापाचे. मॉनिटर मात्र चारास तीन प्रमाणाचा. ते २०० ठिपके त्या उंचीत बसायचे म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला थोडा जास्त असायचा. चित्रकारांनी चित्रं त्या उंच ठिपक्यांसाठी काढली. आता कक्षात सपाट, रुंद मॉनिटर आहेत. काही न करता पडदाभर खेळ लावला, की वर्तुळं दबतात आणि प्रिन्स, जो इतका शेलाटा आहे, तो बसका दिसतो. डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘ॲस्पेक्ट’ नावाची एक ओळ आहे, ती चालू केली की प्रमाण पूर्ववत होतं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. मुलं आधी तक्रार करतात की पडदा पूर्ण भरला नाही. मी पट्ट्या तशाच ठेवते.

प्रिन्सचं शरीर तर मुद्दाम बघण्यासारखं आहे. जॉर्डन मेकनरने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट गिरवून प्रिन्सच्या हालचाली बनवल्या. खेळ १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी आला आणि पुढच्या वर्षी डॉससाठी. त्या अडखळत थांबण्यात, कडेला पाय घसरताना सावरण्यात एक खरा मुलगा आहे. ते शरीर दाबून रुंद करणं मला अन्याय वाटतो.

कागदाचाही प्रश्न आहे. प्रिन्सच्या मूळ खोक्यात माहितीपुस्तिका होती. पहिली पातळी संपली की एका दालनात बाटल्या मांडलेल्या दिसायच्या, प्रत्येकीवर एक अक्षर. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर, तीच प्यायची. चुकलं तर मरण. नक्कल करणाऱ्यांना अडवायची ती युक्ती होती. म्हणजे खेळाचा एक तुकडा छापील कागदावर होता, आणि तो कुठल्याही डिस्कवर कॉपी होत नव्हता. म्हणून माझ्या ड्राइव्हवर प्रत्येक खेळाच्या फोल्डरात मी एक मजकुराची फाइल ठेवते. खेळ कुणी केला, कधी, कुठे, कोणती बटणं, कोणता आकडा. मराठीत लिहिते. डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही, तेव्हा ती विंडोजच्या बाजूने नोटपॅडमध्ये उघडायची, किंवा मी छापून भिंतीवर लावते. मुलांना खेळापेक्षा हा कागद आधी वाचायला लावते.

पेन ड्राइव्ह या वस्तूवर माझा पूर्ण विश्वास कधीच नव्हता. आमच्या भागात पेन ड्राइव्हचं खरं आयुष्य झेरॉक्सच्या दुकानात जातं, आणि तिथून तो काय घेऊन येईल सांगता येत नाही. एक काळ असा होता, की ड्राइव्ह लावला की सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी तसेच दिसणारे शॉर्टकट. फोल्डर तिथेच असायचे, व्हायरसने ते लपवलेले असायचे, आणि शॉर्टकटवर क्लिक केलं की तो पुढच्या यंत्रात शिरायचा. ड्राइव्ह लावताच त्यावरचं काहीही आपोआप सुरू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हसाठी बंद केली आणि २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसा अपडेट दिला, तेव्हा कुठे थोडा श्वास घेता आला. मी उपाय म्हणून मोठ्या आकाराचं एसडी कार्ड यूएसबी रीडरमध्ये घालून वापरते. त्या कार्डाच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ती सरकवली की कार्डावर काही लिहिलं जात नाही. अनोळखी यंत्रावर जाताना पट्टी बंद. त्याची किंमत एवढीच, की मुलांचे गुण त्या दिवशी राखून राहत नाहीत. ते फळ्यावर लिहायचे.

स्वस्तातला ड्राइव्ह घेतला तर आधी तो काठोकाठ भरून आणि परत वाचून तपासते. बाहेर ६४ जीबी छापलेलं आणि आत त्याच्या एका कोपऱ्याएवढी जागा, असे ड्राइव्ह बाजारात सर्रास मिळतात. ते विंडोजला खोटा आकडा सांगतात, आणि खरी जागा संपली की पुढच्या फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात पण वाचता येत नाहीत. ‘एच टू टेस्ट डब्ल्यू’ नावाचा एक छोटा जर्मन प्रोग्राम हे खोटं उघड करतो. शिवाय फ्लॅश मेमरीत माहिती विजेच्या साठवलेल्या भाराच्या रूपात असते आणि तो भार कपाटात पडून पडून हळूहळू गळतो. म्हणून माझा ड्राइव्ह ही कधीच एकमेव प्रत नसते. घरच्या हार्ड डिस्कवर एक, शाळेतल्या सीडीवर एक. हे खेळ इतके लहान आहेत, की जागेची सबब सांगता येत नाही. ‘डूम’चा फुकट वाटलेला पहिला भाग दोन फ्लॉपींवर मावायचा. आज फोनवर काढलेला एखादा फोटो त्याहून मोठा निघतो.

ड्राइव्हवर काय ठेवायचं याबाबत मी कडक आहे. ‘हजार गेम्स’ म्हणून विकले जाणारे ड्राइव्ह मला आवडत नाहीत. त्यात कुणाचं नाव नसतं, साल नसतं, वेग कुणी लावलेला नसतो, आणि परवानगीचा तर प्रश्नच कुणी विचारलेला नसतो. जुना झाला म्हणून खेळ आपोआप सगळ्यांचा होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत धरला आहे. म्हणून मुलांना वाटायच्या प्रतीत मी तेच ठेवते, जे वाटायला मालकांनीच मोकळं केलंय. कीनचा पहिला भाग तसाच होता. त्या काळात शेअरवेअर म्हणत. पहिला भाग वाटेल तितक्या लोकांना वाटा, आवडला तर पुढचे विकत घ्या. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर कॉपी होणं हीच त्या खेळाची जाहिरात होती. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा इंग्लंडमधला खेळ त्याच्या निर्मात्यांनी २००३ मध्ये फुकट केला. तो स्कमव्हीएम या प्रोग्रामवर चालतो. तो प्रोग्राम जुनं यंत्र उभं करत नाही, खेळाच्या संहिता वाचून स्वतःच खेळ चालवतो. त्यातलं इंग्रजी संभाषण नववीची मुलं मोठ्याने वाचून एकमेकांना समजावतात, इंग्रजीच्या बाईंना त्याचं फार कौतुक आहे. स्कमव्हीएम २००१ मध्ये सुरू करणाऱ्यांपैकी एक, स्वीडनचा लुडविग स्ट्रिगियस. त्यानेच २००४ मध्ये ‘ट्रान्सपोर्ट टायकून’चा ‘ओपनटीटीडी’ हा मोकळा अवतार सुरू केला. गावांना रेल्वेने, बसने जोडायचं. आमच्या एसटीच्या आगारात कामाला असलेल्या पालकांची मुलं त्यात पटाईत निघतात.

प्रिन्स मी वाटत नाही. शिकवताना त्याच्याबद्दल सांगते, आणि त्याच्या मूळ कोडची हकिकत तर नक्कीच सांगते. मेकनरने ॲपल टूसाठी लिहिलेला मूळ स्रोत अनेक वर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या सामानात जुन्या फ्लॉपींचा एक खोका सापडला. त्या फ्लॉपी वाचायला जुनी यंत्रं आणि जुन्या यंत्रांची जाणकार माणसं जमवावी लागली. कोड वाचला गेला, आणि मेकनरने तो सगळ्यांना बघण्यासाठी इंटरनेटवर ठेवला. इतका गाजलेला खेळ, आणि त्याच्या निर्मात्याच्या हातातूनही तो निसटला होता. जगभरच्या लोकांच्या डिस्कांवर चालणारा खेळ मात्र कधीच हरवला नाही. मी प्रती ठेवण्याबाबत एवढा हट्ट का धरते, याचं उत्तर मुलांना यातून मिळतं.

इंटरनेट अर्काइव्हने २०१५ च्या जानेवारीत डॉसचे सुमारे २,४०० खेळ थेट ब्राउझरमध्ये खेळता येतील असे ठेवले. चांगलं नेट असलेल्या शहरी शाळेत कुणी विचारलं तर मी आधी तेच सुचवते. आमच्याकडे पावसाळ्यात नेट दिवसचे दिवस नसतं. आणि ब्राउझरमध्ये एक गोष्ट होत नाही. झाकण उघडता येत नाही. पेन ड्राइव्हवरचा संगणक मुलांना उघडून बघता येतो, आणि या कामातला माझा आनंद हल्ली सगळा तिथे गेलाय.

मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलाने विचारलं, “मॅडम, ह्या काळ्या खिडकीतला सी ड्राइव्ह हाय कुठं? खरा का खोटा?” मी त्याला विंडोजमध्ये पेन ड्राइव्हवरचा खेळांचा फोल्डर उघडून दाखवला. तो म्हणाला, मग इथे फाइल टाकली तर तिथे दिसायला पाहिजे. त्याने स्वतःच्या नावाची एक फाइल केली, काळ्या खिडकीत ‘डिर’ टाइप केलं, आणि ती दिसेना. कंट्रोल आणि एफ ४ दाबून डॉसबॉक्सला यादी नव्याने वाचायला लावली तेव्हा दिसली, पण कापलेली. इंग्रजीत दहा अक्षरांचं त्याचं नाव. त्यातली पहिली सहा, पुढे एक नागमोडी रेघ आणि १. “माझं नाव तोडलं की ह्यानं!” डॉसमध्ये फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि पुढे तीन, एवढीच जागा असायची. मग वर्गात प्रत्येकाने आपलं नाव मोजलं. ज्यांचं आठात बसलं ती खूश.

त्या मुलाने पुढे बॅच फाइल लिहायचं मनावर घेतलं. डॉसबॉक्समध्ये ‘चॉइस’ नावाची कमांड आहे, ती आकडा विचारते आणि त्यानुसार पुढच्या ओळीवर उडी मारता येते. तिच्या आधाराने त्याने खेळांची यादी केली. आकडा दाबा, खेळ सुरू, खेळ संपला की पुन्हा यादी. खेळागणिक सायकल्सचा आकडा आपोआप बदलेल अशी ओळही त्याने घातली, आणि आकडे माझ्या भिंतीवरच्या कागदावरून उतरवून घेतले. डिगरचा आकडा त्याने माझ्यापेक्षा थोडा वर ठेवलाय. त्याला तोच बरोबर वाटतो, आणि त्याच्या ड्राइव्हवर तो तसाच आहे. यादीत सात नंबरची जागा त्याने मोकळी सोडली आहे. तिथे काय घालायचं यावर वर्गात अजून वाद चालू आहे. मुलींना बुद्धिबळ हवंय, मागच्या बाकांना शर्यतीच्या गाड्या, आणि तो स्वतः म्हणतो की तिथे आपणच लिहिलेला खेळ घालू, पाढे विचारणारा का होईना. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याला निदान दोनचा पाढा विचारता आला पाहिजे, असं आमचं ठरलंय.